ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

इ. स. १६१६ साली गोव्याच्या साष्टी प्रांतातील रायतूर ह्या गावी एक मोठा मराठी ग्रंथ छापून झाला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या होत्या. विषय ख्रिस्ताच्या चरित्राचा, घाट पुराणाचा, भाषा मराठी, लिपी रोमन आणि कर्ता इंग्रज! असा योग आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात पुन्हा जुळून आलेला नाही. एकनाथ महाराजांनी देह ठेवून त्या वेळी सतराच वर्षे झाली होती. तुकोबांचा जन्म १६०८ चा मानला, तर ते देहूस आठ वर्षांचे बालक होते. शिवछत्रपतींचा जन्म व्हावयास अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता. ज्या इंग्रज लोकांशी पुढे आपला दोन शतके संबंध यावयाचा होता, त्यांची व्यापारी कंपनी स्थापन होऊनही उणीपुरी सोळा वर्षे लोटली होती. अशा काळी इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेल्या माणसाने मराठी ओवी आत्मसात करून तीत एक अख्खे पुराण रचले. हा ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण, आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

श्रोतेहो, आजच्या भाषणात ह्या पुरुषाच्या चरित्राची ओळख करून द्यावयाची आहे. परंतु ती करून देताना नुसते कौतुक करून भागणार नाही. फादर स्टीफन्स धर्मप्रचारासाठी येथे आले होते, आणि ज्या राजसत्तेच्या छायेत त्यांनी तो प्रचार केला, तिने ह्याच भूमीवर देवळे पाडली होती व ग्रंथ जाळले होते. अशा माणसाच्या मराठी सेवेचे मोल आपण कसे करावे, हा प्रश्न मराठी वाचकासमोर आजही आहे. तो टाळून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

फादर स्टीफन्स ज्या परंपरेत वाढले, ती समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. त्यांच्या जन्मापूर्वी सुमारे नऊ शतके, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील वेसेक्स ह्या जुन्या राज्यात, विनफ्रिथ नावाचे एक विद्वान मठवासी होऊन गेले. जग त्यांना संत बोनिफेस म्हणून ओळखते. इ. स. ६७५ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. एक्झिटर व नर्सलिंग येथील मठांत त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. आपल्या शिष्यांसाठी त्यांनी लॅटिन भाषेचे एक व्याकरण लिहिले. लॅटिनमध्ये कूटकाव्येही रचली. मठात राहते, तर सुखाने व मानाने त्यांचे आयुष्य गेले असते. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मायभूमी सोडली आणि समुद्रापलीकडील फ्रिजियन व जर्मन लोकांत धर्मप्रचार करण्याचा निश्चय केला. इ. स. ७१६ मधील त्यांचा पहिला प्रयत्न फसला. दोन वर्षांनी ते पुन्हा निघाले, ते परत मायदेशी आलेच नाहीत. ७१९ साली रोम येथे पोपने त्यांना बोनिफेस हे नाव दिले.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग युरोपात मुलामुलांना ठाऊक असतो. जर्मनीतील गाइसमार येथे एक प्रचंड ओक वृक्ष होता. आपल्याकडील इंद्रासारखा मेघगर्जनेचा जो देव, डोनार, त्याचा हा वृक्ष मानला जाई व लोक त्याची पूजा करीत. बोनिफेस यांनी भर समुदायासमोर त्या वृक्षावर कुऱ्हाड घातली. देवाचा कोप होईल म्हणून लोक वाट पाहत राहिले. कोप झाला नाही, वृक्ष कोसळला. त्याच लाकडाचे त्यांनी प्रार्थनामंदिर बांधले. पुढे ते आर्चबिशप झाले. वार्धक्यात ते पुन्हा फ्रिजियन लोकांत गेले आणि ७५४ च्या ५ जूनला डोक्कुम येथे सशस्त्र टोळीच्या हल्ल्यात मारले गेले. जर्मनीतील फुल्डा येथे त्यांची समाधी आहे. तेथेच एक जुने हस्तलिखित जपून ठेवलेले असून त्याच्या पानांवर शस्त्राचे घाव दिसतात. मरतेसमयी त्यांनी तेच डोक्यावर धरले होते, अशी परंपरा सांगते.

ह्या संतचरित्रात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोनिफेस ज्या लोकांत गेले, त्यांची बोली त्यांच्या स्वतःच्या भाषेची सख्खी बहीण होती. सॅक्सन लोक व आपण एकाच रक्तामांसाचे, असे त्यांनी मायदेशी लिहिलेल्या एका पत्रात नमूद केले आहे. तरीही त्यांनी व्याकरण लिहिले ते लॅटिनचे. ज्ञान व धर्म ह्यांची भाषा लॅटिन, आणि ती लोकांनी शिकावयाची, अशी त्या काळची धारणा होती. आता ह्याच वेसेक्सच्या मातीतला दुसरा धर्मप्रचारक पाहा. त्यानेही मायभूमी सोडली, तीही पुन्हा न परतण्यासाठी; त्यानेही व्याकरण लिहिले आणि काव्य रचले. पण ते व्याकरण व ते काव्य ज्यांच्यासाठी रचले, त्यांच्याच भाषेचे होते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या गावी झाला. वडील व्यापारी होते. घराणे कॅथलिक पंथाचे, आणि काळ मोठा कठीण. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पुढील वर्षीच्या कायद्यांनी कॅथलिक उपासना बेकायदा ठरली. जे आपला पंथ सोडीत ना, त्यांना दंड, तुरुंग आणि प्रसंगी मृत्यू, अशी अवस्था आली. तरुण स्टीफन्स हे थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत व निष्ठावंत कॅथलिक गृहस्थाचे सहचर झाले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले, आणि पुढे त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. १५७५ च्या ऑक्टोबरात ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले.

ह्याचा अर्थ असा की, धर्मापायी होणारा छळ म्हणजे काय हे ह्या तरुणाने पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याने घरीदारी पाहिले होते. पुढची हकीकत ऐकताना ही गोष्ट ध्यानात असावी.

सेंट फ्रान्सिस झेव्हियर ह्यांच्या कार्यामुळे येशूसंघातील तरुणांचे डोळे त्या काळी पूर्वेकडे लागले होते. स्टीफन्स यांनीही हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. १५७९ च्या ४ एप्रिलला त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. येताच त्यांनी वडिलांना इंग्रजीत एक सविस्तर पत्र लिहिले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासाचे वारे, प्रवाह, पक्षी, मासे, सारे त्यात आले आहे. ताज्या अन्नपाण्याअभावी हिरड्या सुजून अंग सडविणाऱ्या रोगाने त्यांच्या जहाजावरील २७ माणसे दगावली, हेही त्यात आहे. हॅक्लुइट ह्या संग्राहकाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे पत्र छापले आणि इंग्लंडातील दर्यावर्दी व व्यापारी वर्गाने ते आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते, ते ह्यामुळे.

१५८० मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. मडगाव, रायतूर व आसपासचा परिसर ही पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांची कर्मभूमी होती. तेथे लोक त्यांना पाद्री इस्तेव्हांव ह्या पोर्तुगीज नावाने ओळखीत.

ते आले तेव्हा साष्टीची स्थिती काय होती? त्यांच्या आगमनापूर्वीच्या वीस वर्षांत ह्या प्रांतातील शेकडो देवळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पाडून टाकली होती. कुशस्थळीचा मंगेश रातोरात खाडी ओलांडून प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आज मंगेशीला व कवळ्याला जी देवालये आपण पाहतो, ती त्या वेळच्या निर्वासित दैवतांची घरे होत. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले होते. पोथ्यांचा शोध घेऊन त्या जप्त होत. पुष्कळशा जाळल्या जात. काही गावे ख्रिस्ती झाली, कित्येक कुटुंबे नदीपलीकडे आदिलशाही मुलखात निघून गेली. आपल्या देशात ज्यांनी छळ सोसला, त्यांच्याच पंथाचा राजा येथे छळ करीत होता. स्टीफन्स यांच्या मनात ह्याविषयी काय येत असेल, हे त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही.

१५८३ हे साल त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पाच येशूसंघीय साष्टीच्या दक्षिणेकडील कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहावयास व क्रूस उभारावयास गेले. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अॅक्वाव्हिव्हा होते. कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे ह्या गावांची देवळे पूर्वी पाडली गेली होती. लोक संतप्त होते, करही देईनासे झाले होते. जमावाने त्या पाचही जणांना व त्यांच्या बरोबरीच्या काही माणसांना ठार केले. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे झाले. मेलेले लोक त्यांचे सहकारी होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करावयाच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि विश्वासघाताने त्यांची कत्तल केली. त्या पाच येशूसंघीयांना १८९३ मध्ये रोमने धन्यपद दिले. किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहावयास मात्र चार शतके जावी लागली.

ह्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला, गोव्यात पाऊल ठेवल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, फादर स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. कुंकळ्ळीच्या रक्तपाताला जेमतेम तीन महिने झाले होते. त्या पत्रात ह्या देशाच्या भाषांविषयी ते मोठ्या आस्थेने लिहितात. येथे भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्या घडणीसारखी आहे, असे त्यांचे निरीक्षण आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास सांगितले ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतल्या एका पाद्र्याच्या कानाने त्या नात्याची चाहूल घेतली होती. ते पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिल्यामुळे त्या विधानाचा कोणास उपयोग झाला नाही.

आणखी एक घटना त्याच वर्षीची. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे चार इंग्रजांना हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले होते. ते प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन. पण फादर स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी खटपट केली आणि त्यांची जामिनावर सुटका झाली. धर्माचा अभिमान असणारा हा मनुष्य पंथभेदाने आंधळा झालेला नव्हता, एवढे ह्यावरून दिसते.

आता ग्रंथाकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी पुराणाच्या निर्मितीचे कारण सांगितले आहे. लोकांना धर्मशिक्षण दिले जात असता त्यांपैकी एक जण पाद्र्याला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला दुसरी पुराणे का देत नाही? श्रोतेहो, ह्या प्रश्नात सारा इतिहास साठविला आहे. ज्याची पोथी हिरावून घेतली त्याने विचारलेला हा प्रश्न आहे. धर्म बदलला तरी पुराण ऐकण्याची कानांची तहान बदलत नाही, हे तो सांगतो. फादर स्टीफन्स यांचा मोठेपणा असा की, त्यांनी हा प्रश्न दडपला नाही. तो ग्रंथात लिहून ठेवला, आणि त्याचे उत्तर म्हणून ग्रंथ रचला.

त्यासाठी त्यांनी मराठी पुराणांचा कसून अभ्यास केला असला पाहिजे. जप्त केलेल्या मराठी पोथ्या येशूसंघाच्या संग्रहात होत्या. त्यांतल्या काही रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या होत्या. देव खोटे ठरविण्यासाठी ज्या पोथ्या वाचावयास घेतल्या, त्यांनीच ह्या वाचकाला आपली भाषा दिली. ओवीची चाल, श्रोता व वक्ता ह्यांचा संवाद, प्रारंभीचे नमन, दृष्टान्तांची रीत, हे सारे त्यांनी आपल्या संतकवींपासून घेतले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कराराच्या कथा आहेत, तर दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, मरण व पुनरुत्थान आहे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. परमेश्वर, भक्ती, मुक्ती हे शब्द जसेच्या तसे घेतले. साष्टीतल्या बाईला बेथलेहेमची कथा ऐकताना आपण परक्या घरात आलो असे वाटू नये, ही त्यामागील दृष्टी होती. मराठीचा गौरव करणाऱ्या त्यांच्या ओव्या तर शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून अनेकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी ह्यांच्या उपमांनी त्यांनी आपल्या भाषेला जो मान दिला, तो जन्माने मराठी असलेल्या फार थोड्या कवींनी दिला असेल.

त्यांच्या भाषाज्ञानाची खरी खूण मात्र उपमांपेक्षा विवेकात आहे. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत ते सांगतात की, असा विषय मांडावयास मराठी योग्य म्हणून हे पुराण मराठीत लिहिले. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस पूर्ण उमगत नाही, म्हणून तीत तेथील बोलीचे सोपे शब्द मिसळले. घरात व शेतात चालणारी भाषा एक, आणि पुराणकीर्तनाची भाषा दुसरी, हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक व व्याकरण त्यांनी लोकांच्या नित्याच्या बोलीचे, म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो तिचे केले, आणि पुराण मराठीत केले. सीमेवरच्या मुलखात राहणाऱ्यांना ह्या विवेकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या बाजूला, मराठी, तेलुगू व गोंडी अशा तीन भाषा आठवड्याच्या एकाच बाजारात कानी पडतात. सौदा कोणत्या भाषेत करावा, आजाऱ्याची चौकशी कोणत्या भाषेत करावी आणि भजन कोणत्या भाषेत म्हणावे, हे तेथल्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसालाही कळते. बाहेरून आलेल्याला मात्र ते शिकावे लागते. फादर स्टीफन्स ते शिकले.

त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्येच आले होते. परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. मलबाराकडे तमिळ अक्षरांत पुस्तके छापली गेली होती; १५७८ मध्ये कोल्लम येथे छापलेले तमिळ पुस्तक प्रसिद्धच आहे. मग येथील पुस्तके येथील लिपीत का छापू नयेत? १६०८ च्या डिसेंबरात फादर स्टीफन्स यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख क्लॉडिओ अॅक्वाव्हिव्हा ह्यांना पत्र लिहून ही इच्छा कळविली. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, पण येथील लिपीला जोडाक्षरांसह सुमारे ६०० ठसे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनी मांडली. हे अॅक्वाव्हिव्हा म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रुडॉल्फ ह्यांचे चुलते. ज्या प्रांताच्या लोकांनी त्यांच्या पुतण्याला मारले, त्याच लोकांच्या लिपीचे खिळे पाडण्यासाठी त्यांची अनुमती मागितली जात होती. खिळे पडले नाहीत. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावे लागले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले.

ग्रंथाची पुढची कथा कर्त्याच्या कथेइतकीच चित्तवेधक आहे. त्यांचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक १६२२ मध्ये निघाले. व्याकरण फादर दियोगु रिबैरु यांनी वाढवून १६४० मध्ये रायतूरला छापले. भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण ते हेच, असे अभ्यासक मानतात. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या, १६४९ व १६५४ मध्ये, निघाल्या. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये ते वाचले जाई. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी देव सांगितला, तीच भाषा त्यांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी त्यांच्याच राज्यकर्त्यांना अडचणीची वाटू लागली. छापील तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचविला तो राजसत्तेने नव्हे, धर्मपीठानेही नव्हे. तो श्रोत्यांनी वाचविला. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळुराकडील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा त्या बंदिवासात ह्या पुराणाने त्यांना धीर दिला, असे त्या समाजात सांगतात. तशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अॅबट ह्या अमेरिकन मराठी अभ्यासकाने लक्ष वेधले. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध केले. १६०८ च्या पत्रातील इच्छा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी पुरी झाली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मराठी माणसाने फादर स्टीफन्स यांचे मोल कसे करावे? काही जण म्हणतात, ज्यांच्या बांधवांनी आमची देवळे पाडली त्यांच्या काव्याचे कौतुक कशाला? दुसरे काही जण काव्याच्या गोडीत देवळांची आठवण काढणेच अप्रशस्त मानतात. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. मंगेशीचे स्थलांतर खरे, असोळण्याच्या किल्ल्यातील विश्वासघात खरा, आणि ख्रिस्तपुराणातील मराठीवरची माया तीही खरी. एका सत्याने दुसरे खोडले जात नाही. इतिहास वाचावयाचा तो अशीच सत्ये शेजारी शेजारी ठेवून.

शिवाय एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. बोनिफेस यांचा वृक्ष एका दिवसात पडला; तो पुन्हा उगवला नाही. कुऱ्हाडीला शिकावे लागत नाही. परंतु भाषेचे तसे नाही. जो दुसऱ्याची भाषा मनापासून शिकतो, त्याला त्या लोकांची पुराणे, त्यांची दुःखे, त्यांचे विनोद, त्यांचे देवसुद्धा थोडेबहुत आत घ्यावे लागतात. फादर स्टीफन्स साष्टीला शिकवावयास आले. पण चाळीस वर्षांत साष्टीने त्यांना जे शिकविले, तेच त्यांच्या नावाने उरले आहे. रोमने त्यांना संतपद दिलेले नाही. मराठीने मात्र आपल्या कवींच्या पंक्तीत त्यांना पान मांडले, आणि ते त्यांनी आपल्या श्रमाने मिळविलेले आहे.

धर्मप्रचाराचा तो काळ गेला. पण दुसऱ्याला काही द्यावयास, शिकवावयास, सुधारावयास निघालेली माणसे आजही गावोगाव जातात. शिक्षक जातात, परिचारिका जातात, सरकारी अधिकारी जातात. गोंडाच्या पाड्यावर, कोलामाच्या वस्तीवर, सीमेवरच्या एखाद्या खेड्यात त्यांची नेमणूक होते. दोन वर्षांनी बदली व्हायची आहे, तेव्हा येथली बोली शिकून काय करावयाचे, असे त्यांतल्या कित्येकांच्या मनात येते. अशा वेळी त्यांनी ह्या इंग्रज पाद्र्याची आठवण करावी. येथल्या लोकांची बोली व ग्रंथांची मराठी ह्यांतील भेद ओळखून त्याने दोन्ही शिकून घेतल्या. ज्याला आपण काही सांगू इच्छितो, त्याचे आधी ऐकून घ्यावे लागते. अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथातील धर्मतत्त्वे कोणास पटोत वा न पटोत, ही एक गोष्ट तो ग्रंथ उघडणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला पटल्यावाचून राहणार नाही.